मुंबईहून नागपुरास मोटारीनें

गेल्या नाताळच्या सुट्टींत नागपुरास आमच्या आत्याबाईंच्या नातीचें लग्न होतें. आगगाडीचीं तिकिटें मिळण्याची आशा मावळली होती, आणि दारांत मोटार उभी होती. तेव्हां मोटारीनें जावयाचें हें एका वाक्यांत ठरलें. कसें जावयाचें, हें ठरण्यास मात्र तीन बैठकी लागल्या. त्या बैठकींत ज्या गोष्टी आमच्या ध्यानांत आल्या, त्या आमच्या बालमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम रस्त्याविषयीं. मुंबईहून नागपुरास जाणारा जुना मार्ग नाशिक, धुळें, जळगांव, अकोला, अमरावती असा गांवोगांव विचारपूस करीत जातो. नवा समृद्धि महामार्ग कोणाचीच विचारपूस करीत नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील आमणें या गांवापासून नागपुराजवळच्या शिवमडक्यापर्यंत तो ७०१ किलोमीटर लांब असून दहा जिल्ह्यांतून जातो. तो एकदम खुला झाला नाहीं. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला. मे २०२३ मध्यें शिर्डी ते भरवीर ८०, मार्च २०२४ मध्यें भरवीर ते इगतपुरी २५, आणि ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणें हा घाटाचा शेवटचा ७६ किलोमीटरांचा भाग. (आमच्या चिरंजीवांनीं बेरीज करून पाहिली, ती जुळते.) प्रत्येक बाजूस तीन मार्गिका, मध्यें दुभाजक आणि कडेला कुंपण. गांवचा रस्ता आडवा येत नाहीं. तो खालून किंवा वरून जातो. दुचाकी व तीनचाकी वाहनांस मज्जाव आहे. मोटारीस सपाटीवर ताशीं १२० किलोमीटर व घाटांत १०० किलोमीटर अशी वेगाची मर्यादा आहे.

सोळा तासांचा प्रवास या मार्गानें आठ तासांवर येईल, असें शासनातर्फें सांगण्यांत आलें होतें. आमच्या धाकट्या बंधूंनीं नेमका तोच आंकडा धरला. "दादा, आठच तास! कचेरींतून आल्यावर जेवून रात्रीं दहाला निघूं. ऊन नाहीं, गर्दी नाहीं, मुलें मागें झोपतील. सकाळीं आत्याच्या दारांत चहा!" बेत ऐकावयास इतका गोड होता कीं, मुलांनीं टाळ्याच वाजविल्या. मातुःश्री मात्र कांहीं बोलल्या नाहींत. त्या आमच्याकडे पाहत होत्या, आणि त्या कां पाहत आहेत हें आम्हांस ठाऊक होतें.

मे २०२३ मधली गोष्ट. नागपुराहून परत येत होतों. उन्हाच्या भयानें पहाटे दोन वाजतां निघालों होतों. रस्ता कोरा, सरळ, हवा गार. मोटारीचा कांटा शंभरावर स्थिर. मेहकर मागें पडलें, पांच वाजत आले. आम्हांस झोंप आली आहे असें आम्हांस मुळींच वाटत नव्हतें. एकाएकीं मागून मातुःश्रींचा आवाज आला, "अरे, गाडी कुठें चालली?" आम्ही दचकून चाक सांवरलें, तेव्हां डावीकडचा कठडा हातभर अंतरावर होता. त्यापूर्वींचे तीन-चार सेकंद आम्हांस आजही आठवत नाहींत. ताशीं शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें २८ मीटर. चार सेकंदांत १११ मीटर. फुटबॉलच्या मैदानाएवढें अंतर ती मोटार कोणीही हांकीत नव्हतें, आणि तींत आमचीं दोन मुलें होतीं. ही गोष्ट मातुःश्रींनीं व आम्हीं घरांत कोणास सांगितली नव्हती. त्या बैठकींत ती सांगावी लागली. मुलांच्या टाळ्या थांबल्या.

असें कां होतें, याचें कारण मनुष्याच्या शरीरांत आहे तसें रस्त्यांतही आहे. आपल्या देहांत एक दैनंदिन घड्याळ चालतें. त्याच्या गतीनें मध्यरात्रीनंतर, साधारणतः दोन ते सहा या वेळांत, झोंपेचा जोर सर्वांत अधिक असतो. दुपारीं दोन ते चारच्या सुमारास तो पुन्हां, पण थोडा, वाढतो. चहा पिऊन किंवा कांच खालीं करून हें घड्याळ बदलत नाहीं. अशा वेळीं मेंदू कांहीं सेकंदांपुरता झोंपी जातो. कधीं कधीं तर डोळे उघडे असतांनाही. ज्याला हें होतें त्याला तें कळत नाहीं, हाच त्यांतील खरा धोका. आणि रस्ता सरळ व एकसारखा असला म्हणजे मेंदूस कामच उरत नाहीं. जुन्या मार्गावर दर दहा मिनिटांनीं गतिरोधक, बाजार, उसाची गाडी, नाहीं तर रस्त्यांत बसलेली एखादी म्हैस येते. आपण तिला दूषणें देतों. परंतु चालकास जागें ठेवण्याचें काम ती फुकट करीत असते. नव्या मार्गावर हें काम बेतांतच लिहून ठेवावें लागतें.

बंधूंनीं तरीही हरकत घेतली कीं, हांकणारे दोघे आहों, आळीपाळीनें हांकूं. यावर आम्हीं कागदावर हिशेब मांडला. दोघेही सकाळीं सहाला उठणार, दिवसभर कचेरींत काम करणार. रात्रीं अकरा वाजतां, म्हणजे मोटार जेमतेम आमण्याजवळ पोंचली असेल तेव्हां, दोघांनाही जागून सतरा तास झालेले असतील. १९९७ सालीं 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत डॉसन व रीड यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागलेल्या माणसाच्या हाताचें व लक्षाचें काम, रक्तांत ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकें बिघडतें, असें त्यांस आढळलें. आपल्या मोटार वाहन कायद्यानें चालकास घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेंत कायदा मद्यप्यास चाकाशीं बसूं देत नाहीं, तिच्याही पलीकडच्या अवस्थेंत आपण दोघे निर्व्यसनी भाऊ प्रवासास *आरंभ* करणार, हें बंधूंस कागदावर दिसलें तेव्हां त्यांनीं पेन्सिल खालीं ठेविली.

१ जुलै २०२३ रोजीं याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपुराहून पुण्यास जाणारी एक बस उलटून पेटली व पंचवीस प्रवासी मृत्यु पावले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. तींत आम्ही शिरत नाहीं. घड्याळांत रात्रीचा दीड वाजला होता, एवढेंच आम्हीं मुलांस दाखविलें.

मग वेगाचा प्रश्न निघाला. चिरंजीव म्हणाले, दिवसा जावयाचें तर १२० नें जाऊं. कन्येनें भागाकार केला: ७०१ किलोमीटरांस १२० नें पांच तास पन्नास मिनिटें, १०० नें सात तास. सत्तर मिनिटें वांचतात हें खरें. परंतु चालत्या वस्तूची शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते, हें नववीच्या पुस्तकांत आहे. शंभराचे एकशेंवीस झाले कीं ती जवळजवळ दीडपट होते, आणि ऐंशींचे एकशेंवीस झाले कीं सव्वादोनपट. आघात झाला तर ही सारी शक्ति कोठें तरी खर्च व्हावयाचीच. म्हणून मागील आसनावरील मंडळींनींही पट्टा बांधावा, आणि मागच्या फळीवर पितळेचा डबा ठेवूं नये. लाडवांचा असला तरीही. आम्हीं शंभर हा आंकडा पक्का केला.

दुसऱ्या बैठकींत सूर्य आला. मोटारीच्या प्रवासांत सूर्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. मुंबईहून नागपूर पूर्वेस आहे. म्हणजे सकाळीं जाणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन येतें, आणि संध्याकाळीं परतणाऱ्याच्या. शिवाय आपल्या देशांत घड्याळ एकच असलें तरी सूर्य तें पाहत नाहीं. मुंबई सुमारें ७३ रेखांशावर व नागपूर ७९ रेखांशावर. रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें नागपुरास सूर्य सुमारें पंचवीस मिनिटें आधीं मावळतो. नाताळांत तर हें अंतर अर्ध्या तासाच्या घरांत जातें. मुंबईस सहाच्या पुढें संधिप्रकाश असतो म्हणून नागपूरच्या वाटेवर तो असेल असें समजणारा मनुष्य शेवटचे पन्नास किलोमीटर अंधारांत हांकतो, आणि तेंही दिवसभर थकल्यावर.

तिसरी बैठक मोटारीभोंवतीं झाली. टायरांविषयीं एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे. उन्हांत हवा फुगते, म्हणून लांबच्या प्रवासांत टायरांत हवा थोडी कमीच ठेवावी, असें पुष्कळ लोक सांगतात. वस्तुतः उलटें आहे. हवा कमी असली कीं टायराची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते. वांकण्यानें ती तापते. आणि तासन् तास वेगानें गेल्यावर तापलेलें रबर फाटतें. हवेचा योग्य दाब चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो सकाळीं मोटार थंड असतांना तपासावा, व सामान आणि माणसें पुष्कळ असतील तर त्यांसाठीं सांगितलेला अधिक दाब भरावा. टायराचें वयही वाचतां येतें. त्याच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१९ असें असेल तर तें २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झालें. मुलांनीं विजेरी घेऊन चारही टायर वाचले, आणि जादा चाक कोणी तपासलें नाहीं असें विचारून आम्हां दोघां भावांस गप्प केलें. त्यांत हवा निम्मीच होती.

बाकीची तयारी थोडक्यांत सांगतों. या मार्गावर मनास येईल तेथें थांबतां येत नाहीं, व कडेला चहाची टपरी नाहीं; म्हणून पाणी, खाणें व औषधें बरोबर घेतलीं. पेट्रोल निम्म्यावर आलें कीं भरावयाचें, असा नियम केला. पथकर एप्रिल २०२५ पासून मोटारीस किलोमीटरला २ रुपये ६ पैसे होता. म्हणजे सबंध मार्गास सुमारें साडेचौदाशें रुपये. संकटसमयीं ११२ व रुग्णवाहिकेस १०८ हे क्रमांक मुलांनीं पाठ केले. तथापि क्रमांक पाठ असून भागत नाहीं. आपण कोठें आहों हें सांगतां आलें पाहिजे. म्हणून कडेच्या दगडावरील किलोमीटरचा आंकडा व नागपूरची बाजू कीं मुंबईची, हें पुढें बसणाऱ्यानें सतत पाहत जावें. पुढें बसणाऱ्यास झोंपण्याची परवानगी नव्हती.

येणेंप्रमाणें प्रवास दोन दिवसांचा ठरला, मुक्काम छत्रपति संभाजीनगरास. हें ठिकाण निम्म्याच्या थोडें अलीकडे पडतें. पहिल्या दिवशींच मुंबईच्या बाहेर पडण्याची यातायात असते, म्हणून तो दिवस आंखूड ठेवणेंच बरें. शिवाय दुपारीं वेरूळ पाहतां येतें. (वेरूळचीं लेणीं मंगळवारीं बंद असतात व अजिंठ्याचीं सोमवारीं; हें न पाहतां निघालेले लोक आम्हांस माहीत आहेत.)

प्रत्यक्षांत भिवंडीजवळ मालमोटारींच्या रांगेंत आमचा एक तास गेलाच. बेतांत मोकळे दोन तास ठेविले होते, म्हणून कोणी कोणावर चिडलें नाहीं. इगतपुरीचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटर लांब आहे. त्यांत शिरण्यापूर्वीं दिवे लावावे व काळा चष्मा काढावा. मुलें आंत शिरतांना ओरडत होतीं, आणि मध्यावर आपोआप गप्प झालीं. दर दोन तासांनीं थांबून सर्वजण खालीं उतरत असूं. वेरूळास पोंचावयास अपेक्षेपेक्षां उशीर झाला. परंतु कैलासाच्या अंगणांत तिरपें ऊन मिळालें, तें दुपारीं मिळालें नसतें.

दुसऱ्या दिवशीं समोरचें ऊन वर चढेपर्यंत न्याहारी केली, आठला निघालों, आणि मेहकरला महामार्ग सोडून लोणारास गेलों. जो काळा पाषाण कोरून कैलास घडविला, त्याच जातीच्या पाषाणांत आकाशांतून आलेल्या आघातानें लोणारचें सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचें विवर पडलें आहे. आदल्या दिवशीं एक व दुसऱ्या दिवशीं दुसरें पाहिल्यावर कन्येनें वाटेंत इतके प्रश्न विचारले कीं, चालकास झोंप येण्याची सोयच राहिली नाहीं. तरीही जेवणानंतर बंधूंस वीस मिनिटें आडवें केलें. तत्पूर्वीं त्यांस एक पेला कॉफी दिली. कॉफीचा परिणाम होण्यास अर्धा तास लागतो, तेवढ्यांत डुलकी पुरी होते. ही युक्ति प्रथम विचित्र वाटते, पण खरी आहे.

नागपुरास पांचला पोंचलों. उजेड होता. आत्याबाईंनीं दारांतच विचारलें, "काय रे, त्या नव्या रस्त्यानें किती तास लागले?" चिरंजीव म्हणाले, "दोन दिवस." आत्याबाईंस तें कळलें नाहीं, बंधूंनीं सामान उतरविण्याचें काम घाईनें सुरू केलें.

परतीचा बेत मात्र हाच उलटा करून चालला नसता. येतांना ऊन दुपारनंतर समोर येतें, म्हणून दोन्हीं दिवस सकाळीं सातला निघून तीनच्या आंत चाक सोडावयाचें ठरविलें, आणि लोणार व वेरूळ वगळलें. कागद मुलांनींच लिहिला. त्यांत वेळ, ठिकाण, पेट्रोल या रकान्यांपुढें आणखी एक रकाना त्यांनीं आपण होऊन आंखला होता: "चालक रात्रीं किती तास झोंपला?" निघण्यापूर्वीं त्यांत मातुःश्रींच्या समक्ष आंकडा भरावा लागे.