शिकवलं की पोरगा जाणार! मग शिकवायचं का?



परवाच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, मुलीला शिलाई शिकवली तर ती टिकते. पण कटिंग शिकवलं की सहा महिन्यांत स्वतःचं बुटीक टाकते. मग शिकवायचंच कशाला?" मला तिथे धड उत्तर देता आलं नाही. चहाचा ब्रेक घेतला आणि विषय बदलला. खरं कारण असं की ही जखम माझीही आहे.

शिरढोणला माझं प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकचं दुकान. तीन वर्षं एक पोरगा होता माझ्याकडे. आला तेव्हा त्याला पाऊण इंची आणि एक इंची एल्बोमधला फरक कळत नव्हता. मी त्याला सगळं दिलं. कुठला माल कुठून येतो, कुठल्या प्लंबरला किती दिवसांची उधारी चालते, अगदी खोक्यावर खरेदीचा भाव आपण ज्या सांकेतिक अक्षरांत लिहितो तीसुद्धा. एका सोमवारी तो आलाच नाही. पंधरा दिवसांनी कळलं, पळस्प्याच्या बाजूला भागीदारीत दुकान टाकलंय. माझे चार प्लंबर तिकडे गेले.

त्यानंतर मी दीड वर्ष कुणालाच काही शिकवलं नाही. भावाची वही ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. परिणाम काय? मी बँकेत गेलो की गिऱ्हाईक थांबून राहायचं. ताप आला तर दुकान अर्धं बंद. बीबीए करताना 'डेलिगेशन' वर दहा मार्कांचं उत्तर मस्त लिहिलं होतं बरं का मी!

आता क्रिकेट कुठून आलं ते सांगतो. आमच्या पट्ट्यात टेनिस बॉलचं वेड सगळ्यांना आहे, मलाही. पण मी बोलतोय लेदर बॉलच्या क्लबबद्दल. माटुंग्याचा दादर युनियन स्पोर्टिंग क्लब. पनवेलहून लोकलने कुर्ला, गाडी बदलून माटुंगा, इतकंच लांब. या एका उपनगरी क्लबातून माधव मंत्री, रामनाथ पारकर, सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर हे भारताकडून कसोटी खेळले. गावस्कर १२५ कसोटी, १०,१२२ धावा. वेंगसरकर ११६ कसोटी आणि लॉर्ड्सवर तीन शतकं, १९७९, १९८२ आणि १९८६.

आता धंद्याच्या डोळ्याने बघा. क्लब पोराला घडवतो, मग मुंबईचा संघ त्याला घेऊन जातो, मग भारताचा. म्हणजे सगळ्यात चांगला माणूस हातातून जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. तरी क्लब शिकवतो. उलट पोरगा गेला नाही, तर क्लबला वाईट वाटतं.

आणि ते जाऊनही जात नाहीत, ही खरी गंमत आहे. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग चालते, डॉ. होर्मसजी कांगा यांच्या नावाने. भर पावसाळ्यात. खेळपट्टी झाकलेली नसते, गवत वाढलेलं, जमिनीवरून मारलेला चेंडू गवतातच अडकतो. अशा चिखलात जगभर नाव झालेले गावस्कर दादर युनियनकडून खेळायला उतरायचे. क्लबचे कॅप्टन वासू परांजपे कधी कसोटी खेळले नाहीत. पण गावस्करांना 'सनी' हे नाव त्यांनीच दिलं आणि त्यांच्या हाताखाली मोठमोठे खेळाडू खेळले.

बाजूला त्याच क्लबात पहिल्यांदा आलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. तो गावस्करांना वीस पावलांवरून पॅड बांधताना बघतो. याचं ट्रेनिंग मॅन्युअल कोण लिहिणार? गेलेला माणूस परत येऊन फुकट शिकवून जातो, हा क्लबचा नफा.

समोर कोण होतं? शिवाजी पार्क जिमखाना. अजित वाडेकर तिकडचे. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क म्हणजे गर्दी ठरलेली. आणि १९७१ मध्ये वेस्ट इंडीजला गावस्करांनी पदार्पण केलं, चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तेव्हा भारताचे कॅप्टन वाडेकर होते! गल्लीतला प्रतिस्पर्धी बाहेर आपलाच कॅप्टन निघतो.

ही फक्त मुंबईची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उपनगरांचे क्लब असेच चालतात. बँक्सटाउन क्लबातून जेफ थॉमसन आणि स्टीव्ह व मार्क वॉ हे जुळे भाऊ आले. ब्रॅडमन १९२६ मध्ये सेंट जॉर्ज क्लबाकडून खेळू लागले तेव्हा बाउरल गावाहून शनिवारी रेल्वेने सिडनीला यायचे. आपल्या विरार-पनवेलच्या पोरांसारखेच, किट घेऊन.

आता थोडं थांबा, कारण इथे आपण फसू शकतो. क्लब पगार देत नव्हता. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावस्कर निरलॉनमध्ये. घर नोकरीवर चालायचं, खेळ क्लबात. आपल्या दुकानात पोरगा पोटासाठी येतो. तुम्ही आठ हजार देऊन "आपलं कुटुंब आहे" म्हणालात तर तो जाणारच आणि त्याने जावंच. माझ्या पोराचा पगार मी तीन वर्षांत एकदाच वाढवला होता. हे मी आजवर व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

आणि सगळेच 'पुढे' जात नाहीत. शिवाजी पार्क जिमखान्याचे पद्माकर शिवलकर बघा. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेन्नईत तमिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. पण त्या काळात भारताकडे डावरा फिरकी गोलंदाज म्हणून बिशनसिंग बेदी होते आणि शिवलकरांना एकही कसोटी मिळाली नाही. मुंबईने सलग १५ वर्षं रणजी जिंकली, त्यातल्या कितीतरी वर्षांत हा माणूस टाकत होता. तुमच्या दुकानातही असा एक शिवलकर असेल. तो स्वतःचं दुकान टाकणार नाही, गल्ल्यावर दिसणार नाही, पण गोडाऊन त्याच्यामुळे चालतं. त्याला विचारलंत का कधी, तुला काय हवंय?

मी काय केलं, ते सांगतो. जानेवारीपासून एक मुलगी काउंटरला आहे, बारावी झालेली. भावाची वही आता काउंटरवर असते. तिच्याशी आधीच बोललो: दोन वर्षांत तुला स्वतःचं टाकायचं असेल तर मला तीन महिने आधी सांग, पहिला माल मी होलसेल भावात देतो, लग्नाघरासारखा रुसून बसणार नाही. दर सहा महिन्यांनी पगाराचं बोलणं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

आणि तो जुना पोरगा? मागच्या महिन्यात दुपारी त्याचा फोन आला. साइटवर माणसं बसून होती, त्याच्याकडे एक इंची बॉल व्हॉल्व्ह संपले होते. "दादा, वीस पीस मिळतील का?" मी दोन सेकंद गप्प. मग म्हटलं, ये. आला, मान खाली घालून उभा. मुलीने बिल केलं, मला विचारलं, "भाव कुठला लावू?"

"आपला," म्हटलं. त्याला कळलं कुठला ते. खोक्यावरची अक्षरं तो वाचू शकतो.