घडाघडा वाचणारी मुलं

धारणी तालुक्यातल्या एका गुरुजींनी विचारलेला प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही: ‘माझ्या तिसरीतली पोरं उतारा घडाघडा वाचतात, पण त्यावर काही विचारलं की गप्प बसतात. यांना वाचता येतं म्हणायचं की नाही?’

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा आकडा पाहा: २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही पाहणी घरोघरी जाऊन होते. मुलाच्या हातात अक्षरं, शब्द, सोपा उतारा आणि गोष्ट असलेला कागद देतात. मूल मोठ्यानं वाचतं, त्यावरून त्याची पायरी ठरते. आपलं मूल किती वाचतं हे आईबापांना अंगणात उभ्या उभ्या दिसतं, म्हणून मला या पाहणीचं मोल फार वाटतं. पण गुरुजींची ही पोरं त्या कागदावर थेट गोष्टीच्या पायरीला पोचतील आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्याच रांगेत बसतील. अहवालाच्या नेहमीच्या तक्त्यांत मुलगे-मुली असतात, सरकारी-खासगी असतं. घरची भाषा सहसा नसते.

आपली लिपीच अशी आहे की काना-मात्रा ओळखू आल्या की अर्थ न कळलेला शब्दही तोंडातून बरोबर निघतो. ‘आभाळ भरून आलं’ हे मूल अचूक वाचेल. मग आता काय होणार, असं विचारा. उत्तर येत नाही, कारण गुरुजींच्या या मुलांच्या घरची भाषा कोरकू आहे. कोरकू मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. शेजारच्या गोंडीचीही ती कुणी लागत नाही, गोंडी द्राविडी. पालघरकडच्या वारली मुलाची गोष्ट वेगळी. त्याची बोली मराठीला जवळची, त्यामुळे बाईंचं बोलणं त्याला बरंचसं उमगतं. या दोघांना ‘आदिवासी विद्यार्थी’ या एकाच रकान्यात घालून सरासरी काढली की नेमकं जे बघायचं तेच दिसेनासं होतं.

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलं, की वाचन म्हणजे लिपी उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार. बेरीज नव्हे. एक बाजू शून्याजवळ असेल, तर दुसरी कितीही वाढवा, हाती फारसं लागत नाही. म्हणून या पोरांकडून बाराखडी आणखी घोटून घेण्यात काही हशील नाही. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, अशी अपेक्षा आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थासाठी मुलाशी बोलत बसावं लागतं.

गुरुजी, एक करून पाहा. उतारा वाचून झाला की दोन प्रश्न विचारा आणि उत्तर कोरकूत चालेल असं सांगा. तुम्हाला कोरकू येत नसेल, तर सातवीतल्या एखाद्या पोराला शेजारी बसवा. काही मुलं कोरकूत बरोबर सांगतील: त्यांना मराठी समजतं, बोलता येत नाही. त्यांना वर्गात बोलायला भरपूर वाव द्या. जी कोरकूतही गप्प राहतील, त्यांना तीच गोष्ट आधी त्यांच्या भाषेत ऐकू द्या, चित्रं दाखवा, आणि मगच पुस्तक उघडा.