आठ नंबरची सुई

आईच्या पत्र्याच्या डब्यात विणायच्या सुयांच्या जोड्या असत. प्रत्येकीच्या टोपीवर नंबर: 8, 10, 12. आकडा वाढला की सुई बारीक. असं का, याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी तारेच्या जुन्या ब्रिटिश मापात सापडलं. तार एकाहून एक लहान भोकांतून ओढतात. जितक्या वेळा ओढली तितकी ती बारीक आणि तिचा क्रमांक मोठा. तेच क्रमांक सुयांवर आले. म्हणून आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, 10 नंबरची 3.25ची आणि 12 नंबरची 2.75ची. अमेरिकेत मात्र आकड्याबरोबर जाडी वाढते, तिथली 8 नंबर 5 मिलिमीटरची असते. भाचीने तिकडून पाठवलेला नमुना मी आपल्या 8 नंबरवर विणला आणि तिच्या मुलाचा स्वेटर पुठ्ठ्यासारखा घट्ट झाला. तेव्हापासून मी फक्त मिलिमीटर बघते.

काठ 10 नंबरवर आणि अंग 8 नंबरवर, ही आपल्याकडची जुनी रीत. काठ संपला की सगळे टाके दुसऱ्या सुईवर घ्यायचे. टोकं बदलता येणाऱ्या सुईने हेच काम सोपं केलं. लवचीक केबलच्या दोन्ही टोकांना आटे असतात, त्यांवर तेराएक सेंटिमीटरची टोकं बसतात. काठ झाला की 3.25ची टोकं काढून 4ची लावायची, टाके केबलवर जागच्या जागी राहतात. काम बाजूला ठेवायचं असेल तर टोकांऐवजी बुचं लावायची आणि तीच टोकं दुसऱ्या विणकामाला वापरायची.

अशा संचात लोक टोकांचे रंग बघतात, मी आधी सांधा बघते. टाके त्यावरून न अडखळता सरकले पाहिजेत. सांध्याजवळ बारीक भोक असतं. त्यात सोबतची पिन घालून आटा आवळायचा. नुसत्या चिमटीने आवळलेला सांधा विणता विणता ढिला होतो. माझ्या एका शालीचे तीनशे टाके असेच मध्यरात्री सुटले होते. त्याच भोकात दोरा ओवला तर विणताना तो आपोआप सगळ्या टाक्यांमधून जातो. जाळीदार नमुन्यात चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येतं. केबलच्या पाकिटावरचा 80 सेंटिमीटरचा आकडा बहुधा टोकांसकट असतो, हेही ध्यानात ठेवावं.

जर्मनीतल्या आल्टेना गावी 1829पासून चालत आलेला कारखाना ‘अ‍ॅडी’च्या धातूच्या सुया करतो. बर्चच्या लाकडाचे रंगवलेले पातळ थर दाबून केलेल्या ‘निटप्रो’च्या सुया मात्र आपल्या जयपूरच्या. धातू की लाकूड, हे लोकरीने ठरवावं. रेशीम, बांबूचा धागा, चकाकी दिलेलं सूत हे निसरडे असतात; त्यांना लाकूड धरून ठेवतं. अ‍ॅक्रिलिक आणि खरी लोकर धातूवर झरझर पळते. हात घट्ट असेल तर धातू घ्यावा, सैल असेल तर बांबू. जाळीच्या नमुन्याला टोक अणकुचीदार हवं, पण सैल पिळाची लोकर त्याच टोकाने फाटते, पदर सुटे होतात.

माप मात्र हातच ठरवतो. लोकरीच्या पाकिटावर 4 मिलिमीटरच्या सुईवर 10 सेंटिमीटरला 22 टाके लिहिले आहेत आणि माझे 24 येतात, असं समजा. छातीच्या 100 सेंटिमीटरसाठी घातलेले 220 टाके माझ्या हातून 92 सेंटिमीटरच भरतील. एलिझाबेथ झिमरमन यांनी 1971 साली आलेल्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात आपल्या हाताची वीण मोजून हिशेब मांडण्याचा आग्रह धरला, तो यासाठीच. नमुन्याचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजावा. टाके जास्त भरले तर वरच्या मापाची टोकं लावावी.

टोकं बदलता येणाऱ्या सुईचा सगळ्यात मोठा उपकार मला फार उशिरा कळला. पुष्कळ जणींची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल येते आणि कापडावर आडव्या रेघा उमटतात. अशा वेळी एका बाजूला 4 मिलिमीटरचं आणि उलट ओळीच्या बाजूला 3.75चं टोक लावायचं. माझ्या कापडावरच्या रेघा यानेच गेल्या.

बाळंतविड्याच्या मोज्यांना मी अजून दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुयाच घेते. तेवढ्याशा गोलाला 80 सेंटिमीटरची केबल सारखी ओढून घ्यावी लागते. नव्याने शिकणारीने महागडा पूर्ण संच घेऊ नये. 3.25, 4 आणि 5 मिलिमीटरची टोकं, 80 आणि 100 सेंटिमीटरच्या दोन केबल आणि एक पिन, एवढ्यात पहिली दोन वर्षं निघतात.