तीन टेप अंतर

टेप शंभर फुटांचा आहे, कायदा तीनशे फुटांचा. म्हणून तो तीनदा टाकावा लागेल, असं ग्रामरोजगार सेवक जमलेल्यांना समजावतो आहे. टेप ग्रामपंचायतीचा. एरवी त्यावर घरकुलांचे चौथरे आणि रोजगार हमीचं मातीकाम मोजलं जातं. आज त्याचं शून्याचं टोक जिल्हा परिषद शाळेच्या फाटकाशी, सातवीतल्या एका मुलीच्या मुठीत आहे. दुसरं टोक पानठेल्याच्या दिशेनं निघालं आहे.

गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं. ऑगस्ट चालू आहे, रोवणे आटोपलेत, म्हणून बायकांना उसंत आहे. त्या दहा-बारा जणी आहेत, गाव संघटनेच्या. बरोबर आशाताई, मुख्याध्यापक, पोलीस पाटील, तालुक्याहून मोटारसायकलीवर आलेला ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती उपक्रमाचा संघटक आणि मधली सुट्टी लांबल्यामुळे खूश असलेली अख्खी शाळा. पोलीस पाटलांच्या उजव्या गालात काहीतरी आहे. ते सगळ्यांना दिसतं आहे, बोलत कोणी नाही.

‘‘शंभर यार्ड म्हंजे किती जी?’’ एक म्हातारी विचारते.

‘‘शंभर वार, आजी.’’

‘‘म्हंजे अकरा लुगडी अन् वर एक वार.’’ हिशेब तिच्या तोंडून इतका पटकन निघतो की मुख्याध्यापक मनातल्या मनात नवाने गुणून बघतात आणि मान हलवतात.

पहिला टेप संपतो, खडूनं खूण होते. दुसरा संपतो. तिसऱ्याला रस्ता बोडीला वळसा घालून वळतो आणि तीनशे फूट भरतात तेव्हा ठेला अजून चांगलाच पुढे आहे. ठेलेवाला फळकुटावर हात ठेवून हे सगळं शांतपणे बघत होता. आता तो हसतो. ‘‘पाहा जी, मी कायद्याच्या बाहेर हाव.’’ पोरं हिरमुसतात. दोन बायका ‘झालं मग’ म्हणून परत फिरतातही.

संघटक पिशवीतून नियमांचा कागद काढतो. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूची विक्री बंद केली. ते अंतर कसं मोजायचं हेही नियमांत आहे: रस्त्यानं नाही आणि फाटकापासूनही नाही. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून त्रिज्येनं, सरळ. त्रिज्या म्हटल्यावर मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. सहावीतला एक पोरगा कंपासपेटीतून करकटक काढून ओल्या मातीत टोचतो आणि गोल फिरवतो. ‘‘असं.’’

मग टेप बांधीत उतरतो. शाळेच्या कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यापासून ठेल्यापर्यंत सरळ रेषेत भात उभं आहे, घोट्याच्या वर पाणी. ज्याची बांधी तो धुऱ्यावरून ओरडतो, ‘‘माहा धान तुडवू नका बाप्पा!’’ रोजगार सेवक चपला हातात घेतो. दोन बायका लुगड्याचा काष्टा वर खोचून टेप डोक्याच्या उंचीवर धरतात, म्हणजे तो धानाला लागणार नाही. पहिला टेप, दुसरा टेप. तिसरा पूर्ण उलगडतच नाही. ८४ वर ठेल्याच्या मागच्या पत्र्याला हात लागतो. २८४ फूट. रोजगार सेवक आकडा वहीत लिहितो, खाली तारीख, आणि मुख्याध्यापकांची सही घेतो. ठेलेवाल्याचीही मागतो. तो म्हणतो, ‘‘मी कायले करू?’’ पण टेप पुन्हा एकदा स्वतः ताणून बघतो.

हा माणूस खलनायक नाही, हे इथं उभं राहिल्यावर कळतं. ठेला म्हणजे हिरव्या रंगाची लाकडी पेटी. समोर बिस्किटांच्या बरण्या, कुरकुऱ्यांच्या माळा, शाम्पूच्या पुड्या. खर्रा खाली, गुडघ्याशी. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना हे सगळं प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून त्याची बायको ते फळीवर घोटत बसते, पन्नी गरम होईपर्यंत. दिवसभर घासून तिच्या तळव्याला घट्टे पडलेत. गावातल्या लग्नाच्या बोलण्या याच पुडीवर होतात, रोवणे याच पुडीवर सरतात, पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्यानंतर हीच येते. घरातून पुडी आणायला धाडलेलं पोर वाटेत चिमूटभर चाखतं. त्यासाठी कोणाला फूस लावावी लागत नाही. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरणारी निघाली. चघळणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस यायच्या आत केली होती.

‘‘पोट्ट्यांना मी देतच नाही,’’ ठेलेवाला म्हणतो.

‘‘बापाच्या नावावर देतेस,’’ एक बाई म्हणते. ‘‘परवा माह्या पुतण्याला दिलास.’’

यावर तो काही बोलत नाही. संघटक दोन आकडे सांगतो. शंभर यार्डांच्या आत विकलं तर तंबाखू कायद्यानं दंड २०० रुपयांपर्यंत. पण अठराच्या आतल्या मुलाच्या हातात तंबाखू दिली तर २०१५च्या बाल न्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पहिल्या आकड्याला ठेलेवाला खांदे उडवतो. दुसऱ्याला त्याची बायको घोटायची थांबते. कोणी तक्रार केली, कोणी साक्ष दिली तरच हा दुसरा आकडा जागा होतो, आणि साक्ष द्यायची ती चुलतभावाविरुद्ध, सोयऱ्याविरुद्ध. पोलीस ठाणं इथून लांब आहे, सोयरा रोज समोर. मला वाटतं, म्हणूनच या बायका ठाण्यात जाण्याआधी टेप घेऊन आल्या आहेत.

ठेल्याच्या बाकड्यावर तिघं तरुण बसलेत. एकाच्या ओठांवर मिसरूड जेमतेम आहे. आशाताई त्यांच्यासमोर उभी राहते, आपली तीन बोटं उभी जोडून स्वतःच्या तोंडात घालून दाखवते. ‘‘आता तुम्ही.’’ पहिल्याची जातात. दुसऱ्याची दोन जातात, तिसरं दातांवर अडतं. तिसरा तरुण बोटं खिशातच ठेवतो. पोरं ‘दादा, दादा’ करून मागे लागतात तेव्हा तो तोंड उघडतो, आणि एक बोट गेल्यावर दुसरं अर्ध्यावर थांबतं. पोरांचा गलका एकदम कमी होतो. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर ताठरतं, चामड्यासारखं घट्ट होतं. मग जेवणातलं तिखट झोंबतं आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. पुढे कर्करोगाचा धोका असतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे, पण या बाकड्यावर सुपारीला अजून कोणी व्यसनात धरत नाही.

‘‘वरण-भातच खातो मी,’’ तो तरुण आशाताईला हळूच सांगतो. ती त्याला तालुक्याच्या दवाखान्याचा दिवस सांगते, व्यसन उपचाराच्या शिबिराचाही. तो निंदण आहे म्हणतो. ती म्हणते, निंदण संपलं की मी घरी येते.

तंबाखूच्या आधी दारू: गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे. लोकांच्या सहा वर्षांच्या रेट्यानंतर ती आली, पण कागदावरची बंदी मोहाची भट्टी विझवत नाही हेही जिल्ह्यानं तेव्हापासून पाहिलं. २०१६ मध्ये डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ सुरू केलं, ते हीच फट बुजवायला: गावात संघटना, तालुक्याला उपचार, शाळेत शिक्षण आणि वरून प्रशासनाची अंमलबजावणी. लिहायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात ते असं दिसतं: बोडीच्या पलीकडे झुडपात गेल्या महिन्यात याच बायकांनी मोहाचा सडवा उपसून मातीत ओतला आणि तो ज्याचा होता त्याची बायकोही त्यांच्यात होती. ती आजही आली आहे. टेप मधोमध तिनंच धरला होता.

ठेलेवाला आता सौद्यावर येतो. ‘‘वीस फूट मागे सरकवतो. मग तर झालं?’’

शंभर यार्डांच्या नियमानं खरंच झालं. सोळा फूट सरकला तरी तो तीनशेच्या कडेवर जातो. बायकांना ते मान्य नाही. खर्राच नको, बाकी दुकान चालव, असं त्यांचं म्हणणं. तो विचारतो, खर्रा गेला तर बिस्किटावर घर चालते का? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याच कागदात नाही. बचत गटाची एक बाई म्हणते, शाळेच्या पोषण आहाराला भाजी लागते, ती तू आण, आम्ही मुख्याध्यापकांशी बोलतो. मुख्याध्यापक घाईनं म्हणतात, ते शाळा व्यवस्थापन समितीत ठरवावं लागेल. ठेलेवाल्याची बायको पहिल्यांदा तोंड उघडते, ‘‘ठरवा मग. भाजी मी आणतो.’’

हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. पेसा कायद्यानं मादक पदार्थांवर बंदी घालायचा, नियमन करायचा अधिकार इथल्या ग्रामसभेला दिला आहे, म्हणून विषय ग्रामसभेत न्यायचं ठरतं. रोजगार सेवक ठेल्याच्या फळीवर वही टेकवून विषय लिहितो. एक: शाळेपासूनचं अंतर, मोजणीसह. दोन: गावात खर्राविक्री. तोवर पोलीस पाटील ठेल्यामागे जाऊन येतात. उजवा गाल सपाट झालेला असतो.

‘‘तीन नंबर लिही,’’ मघाची म्हातारी म्हणते. ‘‘ग्रामपंचायतीत अन् शाळेत बसून कोनी खाल्लं तर दंड.’’

पोरांना हसू फुटतं. मुख्याध्यापक त्यांना वर्गात हाकलतात, पण कोणी हलत नाही.

‘‘दंड किती लिहू?’’ रोजगार सेवक विचारतो.

‘‘पन्नास,’’ पोलीस पाटील म्हणतात.

‘‘पाचशे,’’ तीन बायका एकदम म्हणतात.

ओढाताण बरीच चालते आणि दोनशेवर मिटते. मग वसूल कोण करणार, यावर थोडी शांतता पसरते. पोलीस पाटील घसा साफ करून म्हणतात, ‘‘पहिले सहा महिने मी करतो जी.’’

‘‘तुम्ही पहिले भरा,’’ म्हातारी म्हणते, ‘‘मंग वसूल करा.’’