नाशिकरोडचें स्थानक, बंद पडलेली ट्राम आणि भुईखालचे रस्ते

नाशिक क्षेत्र आणि त्याचें रेल्वे-स्थानक यांचें एक जुनें दुखणें आहे, तें म्हणजे दोहोंमधील अंतर. मुंबई-ठाणें आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाली. पुढें थळ घाटाची बिकट चढण पुरी होऊन १ जानेवारी १८६५ रोजीं कसारा व इगतपुरी जोडलीं गेलीं, आणि मुंबईचा यात्रेकरू आगगाडीनेंच घाट चढूं लागला. परंतु तो उतरे रामकुंडापासून सुमारें नऊ किलोमीटर अलीकडे. स्थानक शहराच्या आग्नेयेस पडलें. लोहमार्गानें गोदावरी ओलांडली तीही शहराच्या खालच्या अंगास. ‘नाशिकरोड’ या नांवांतच ही कबुली आहे : हें नाशिक नव्हे, नाशिकास जाण्याचा रस्ता.

हें अंतर तोडण्याचा पहिला मोठा यत्न ट्रामचा. १८८९ च्या सुमारास स्थानकापासून शहरांतील मेनरोडपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ट्राम धांवूं लागली. दोन डबे व ते ओढावयास चार घोडे, असा तिचा सरंजाम. या कामीं सल्लागार असलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनींच पुढें याच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे उभारली. ती १८९७ मध्यें सुरू झाली. बार्शीच्या गाडीचें नांव सर्वांस ठाऊक, नाशिकची ट्राम मात्र जवळजवळ विस्मृत, हा न्याय आम्हांस बरा वाटत नाहीं. १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत ट्राम तोट्यापायीं बंद पडली आणि रूळ उखडले गेले.

मधल्या काळांत स्थानकाभोंवतीं वेगळेंच गांव वाढलें. सरकारी छापखान्यांत १९२८ पासून चलनी नोटा छापूं लागल्या, आणि त्यामुळें नाशिकरोडचें नांव देशभर झालें. १९८२ मध्यें महानगरपालिका स्थापन होऊन नाशिक व नाशिकरोड-देवळाली एका कारभाराखालीं आलीं. कारभार एक झाला, अंतर राहिलेंच. आणि त्या अंतराच्या मध्यावर द्वारका चौक येऊन बसला.

या चौकांत मुंबई-आग्रा मार्गास पुणें मार्ग मिळतो, व स्थानकाचा सर्व ओघ याच पुणें मार्गानें येतो. महामार्गावर उड्डाणपूल झाला तेव्हां येथें पादचाऱ्यांसाठीं भुयारी मार्गही झाले. परंतु पायऱ्यांची चढउतार चुकवून लोक वरूनच रस्ता ओलांडीत राहिले. पुढें त्या जागीं वाहनांसाठीं भुयारी मार्ग करण्याची योजना निघाली. येत्या सिंहस्थाचीं मुख्य स्नानें २०२७ मध्यें आहेत. त्यासाठीं नाशिकरोडसह देवळाली, ओढा, खेरवाडी व कसबे सुकेणें या स्थानकांच्या वाढीचेंही ठरलें आहे. अशा कामांस विरोध करणें आमच्या मनांत नाहीं. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थांत अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू मेले; तें आठवतां रस्ते व फलाट रुंद झालेच पाहिजेत.

आमचा प्रश्न निराळा आहे : त्या खोदाईंतून जें वर येईल त्याचें काय ?

यासाठीं संशोधकानें खोदाईची रीत थोडी जाणून घ्यावी. भुयारी मार्ग मुख्यतः दोन प्रकारें होतो. पहिल्यांत रस्ता वरून उघडा खणतात, काँक्रीटची पेटी बांधतात आणि वर पुन्हां भर घालतात. दुसरा प्रकार चालू रुळांखालीं वापरतात : तयार पेटी भरावाच्या बाजूस ओतून ठेवावयाची व जॅकच्या दाबानें तसूतसूनें आंत सारावयाची. पुढची माती पेटीच्या आंतूनच उपसली जाते, आणि वर गाड्या मंदगतीनें चालूच राहतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें हा उत्तम उपाय. पण यांत थराचा छेद उभा असा दिसतच नाहीं. काळी माती, मुरूम, विटांचे तुकडे, खापर, सर्व एकाच ढिगांत येतें. उघड्या खोदाईंत मात्र कांहीं दिवस दोन्ही भिंती वाचतां येतात. ज्यास वेळ थोडा आहे त्यानें उघड्या खोदाईकडे आधीं जावें.

नाशिकची भूमि याबाबतींत निर्धन नाहीं. गोदाकांठच्या जुन्या गढीचें उत्खनन डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनीं १९५०-५१ मध्यें केलें, आणि ताम्रपाषाणकाळापासूनच्या वस्तीचे थर उघडे झाले. १९०६ मध्यें जोगलटेंभी येथें नहपानाचीं सुमारें १३,२५० रुपेरी नाणीं निघालीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाची सत्ता सातवाहनांकडे गेल्याची साक्ष याहून बोलकी कोणती ? तीं नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं तर हें पान कोरें राहतें. १८७८ च्या निधि-कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील मोलाचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या मजुरास हें कोणी सांगत नाहीं.

येथें पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखाचें स्मरण होतें. नहपानाच्या या जांवयानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर फुकट तरी ठेविल्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या. दोन्ही तीरांवर, हें शब्द ध्यानांत घ्यावे. ओलांडणाराचा विचार पाण्यांतच नव्हे, चढण्याउतरण्याच्या जागींही केला होता. द्वारकेच्या पायऱ्या रिकाम्या राहिल्या त्या आम्हीं पाहिल्या तेव्हां हाच लेख आठवला.

शेवटीं कागदांविषयीं. रस्ता रुंद होतो तेव्हां वाडे पडतात, व वाड्यांबरोबर रुमाल रद्दींत जातात. अशा वेळीं रुमाल सोडून निवडक मोडी पत्रेंच उचलणें हा संग्राहकांचा नेहमींचा प्रमाद. बांधणीचा क्रम हाही पुरावाच असतो. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या तर याच विषयाच्या साधन आहेत. यात्रेकरूचें गांव, कूळ व सोबतचीं माणसें त्यांत नोंदलेलीं असतात; १८६५ पूर्वींच्या व नंतरच्या नोंदी शेजारीं ठेवल्यास आगगाडीनें कोणत्या प्रांताचा माणूस नाशिकास आणला हें उमगेल. ज्या सभासदांकडे अशा वह्यांच्या नकला असतील, किंवा ट्रामच्या मार्गाची खूण असलेला जुना महसुली नकाशा असेल, त्यांनीं त्याचें टिपण पाठवावें. खोदाईच्या भिंतीचें छायाचित्र घेतल्यास शेजारीं मापपट्टी ठेवावी आणि ठिकाण व खोली त्याच दिवशीं लिहून काढावी.