घरच्या संगणकास कोणती आवृत्ति मानवते?



सांगली जिल्ह्यांतल्या तासगांव तालुक्याची 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात आपणांस ठाऊक असेल. थॉमसन जातीच्या वेलींतून ती निवडून काढलेली आहे. पण नवी जात कितीही गोड निघो, शहाणा बागाईतदार पहिल्याच वर्षीं सगळी बाग उपटून ती लावीत नाहीं. चार ओळींवर पारखतो. घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम निवडतांना हाच विवेक ठेवावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला आणि चालत्या यंत्रांचें काय करावें, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. अशा यंत्रावर लिनक्स घालतां येतें. पण तेथेंही निवड आहेच. १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं सुरू केलेली डेबियन पाहा. तिच्या तीन शाखा आहेत. नवा प्रोग्रॅम प्रथम 'अनस्टेबल' शाखेंत येतो. कांहीं दिवस गंभीर दोष न आढळल्यास 'टेस्टिंग'मध्यें जातो. आणि साधारण दोन वर्षांनीं ही शाखा गोठवून, दोष काढून, 'स्टेबल' म्हणून प्रसिद्ध होते. ऑगस्ट २०२५ मधील 'ट्रिक्सी' ही अशी तेरावी आवृत्ति. अनस्टेबलचें नांव मात्र कायमचें 'सिड' आहे. 'टॉय स्टोरी' चित्रपटांतील खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें तें नांव!

स्टेबल म्हणजे निर्दोष, असें नव्हे. स्टेबल म्हणजे न बदलणारी. तींत सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात, त्याही सुमारें पांच वर्षें. मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची रात्र असावी आणि सायंकाळीं घेतलेल्या नव्या भागामुळें पडदा काळा व्हावा, हा प्रसंग तेथें विरळा. याची किंमतही आहे: प्रोग्रॅम जुने राहतात, आणि अगदीं नव्या यंत्राचा वायफाय भाग कधीं ओळखला जात नाहीं. तेव्हां 'बॅकपोर्ट्स'मधून हवा तेवढाच नवा भाग घ्यावा. उलट, टेस्टिंगला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीं कधीं उशिरा पोंचतात, हें पुष्कळांस माहीत नसतें.

मग विकासशाखा वापरावी कोणीं? ज्याच्यापाशीं दुसरें यंत्र आहे, कागदपत्रांची प्रत निराळी ठेवलेली आहे आणि मोडलेलें दुरुस्त करण्याची हौस आहे, त्यानें. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. अशा तरुणांनीं ती अवश्य वापरावी आणि दोष आढळल्यास कळवावा. चार ओळींवर कोणीं तरी पारख करतो, म्हणूनच बाकीची बाग निर्धास्तपणें लावतां येते. साताऱ्यास काय, सांगलीस काय, एकच यंत्र असलेल्या घरानें मात्र स्टेबलच घ्यावी.