समुद्राचे तापमान आणि नाणेफेक

मृग नक्षत्र लागले की कळंब तालुक्यातला शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. एका सरीवर सोयाबीन पेरले आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली, तर दुबार पेरणी पदरी येते. या पावसाचा एक धागा शेकडो किलोमीटर दूर, बंगालच्या उपसागराशी जोडलेला आहे.

वारा आणि लाटा समुद्राचा वरचा थर सतत घुसळत असतात. त्यामुळे त्याचे तापमान जवळजवळ सारखे राहते. याला मिश्र थर म्हणतात. अवघ्या अडीच मीटर खोल पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीच त्यावरील हवेच्या संपूर्ण स्तंभाला पुरते! सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले, की पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेले की दाट मेघसमूहांची शक्यता बरीच वाढते. शक्यता वाढते, खात्री मिळत नाही.

मग हे तापमान गणिताने आधीच का काढू नये? अडचण अशी, की वारा आणि ढग रोज बदलतात. १९७६ मध्ये क्लाउस हासेलमान यांनी सुचवले, की हवेतील हे चढउतार नाणेफेकीसारखे मानावेत. समुद्र त्यांची बेरीज करत राहतो. या कार्यासाठी २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला.

आपण हे वर्गात करून पाहू. दहा गट करा. शून्यापासून सुरुवात करून छापा पडल्यास ०.१ अंश मिळवा, काटा पडल्यास वजा करा. १०० फेकींनंतर गटांची उत्तरे साधारण १ अंशाने इकडेतिकडे विखुरतील (०.१ × √१००). परंतु तापलेल्या पाण्याची वाफ अधिक होते व ते उष्णता गमावते. म्हणून आता प्रत्येक फेकीपूर्वी साठलेल्या फरकाचा दहावा भाग कमी करा. विखुरणे सुमारे पाव अंशावर थांबेल.

म्हणजे एका गटाचे उत्तर आपण सांगू शकत नाही, पण उत्तरे किती पसरतील ते सांगू शकतो. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थाही प्रारंभिक स्थितीत किंचित फरक करून तेच प्रारूप अनेकदा चालवते आणि त्यावरून पावसाची शक्यता काढते.

‘७० टक्के शक्यता’ असलेला पाऊस दहांपैकी तीनदा येणार नाही, आणि तरीही अंदाज बरोबरच असेल. तेवढ्यावर पेरावे का? बियाण्याची किंमत आणि जमिनीतली ओल यांचा हिशेब त्यात मिळवावा लागेल. तो हिशेब विद्यार्थ्यांना घरी विचारून आणायला सांगावा.